टेट्रिस: पाटी कोरी करण्याचा इतिहास

आजचा एपिसोड गेम खेळता खेळता ऐकलात तरी चालेल, कारण विषय तोच आहे. टेट्रिस! आमच्या लहानपणी जत्रेत मिळायचा तो ‘ब्रिक गेम’. त्यावर माझं एकच स्वप्न होतं: भरलेला स्क्रीन एकदा तरी अख्खा रिकामा करायचा. पाटी कोरी! कधीच जमलं नाही. वाटायचं, आपला हातच स्लो. खूप नंतर कळलं, खरी मेख गणितात होती.

साल १९८४, मॉस्को. सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या कम्प्युटिंग सेंटरमध्ये अलेक्सेई पाजित्नोव्ह काम करायचा. त्याला पेंटोमिनोचं वेड, म्हणजे पाच-पाच चौकोनांचे तुकडे डब्यात बसवायचं कोडं. त्याने पाचाचे चार चौकोन केले आणि सात आकार मिळाले. त्याच्या ‘इलेक्ट्रॉनिका ६०’ मशीनवर चित्रं दिसायची सोय नव्हती, म्हणून ठोकळे कंसांच्या चिन्हांनी काढले.

आता हिशेब बघा. ओळ १० घरांची, ठोकळा ४ घरांचा. एक ओळ फोडून पाटी कोरी होईल? १० ला ४ ने भाग जात नाही, म्हणजे नाही. दोन ओळी म्हणजे २० घरं, ५ ठोकळे. चार ओळी म्हणजे ४० घरं, १० ठोकळे. एकूण ओळी विषम असतील तर कितीही डोकं लावा, काहीतरी उरणारच.

दुसरी मेख ‘टी’ आकाराची. पट बुद्धिबळासारखा काळा-पांढरा रंगवला, तर बाकी सहा आकार दोन काळी, दोन पांढरी घरं झाकतात. टी मात्र तीन-एक. म्हणून मध्ये एखादी ओळ फुटून रंग सरकले नाहीत, तर टी जोडीनेच लागतो.

जुन्या गेममध्ये पुढे काय येईल याचा भरवसा नसायचा. १९९७ मध्ये हायडी बर्गियल या गणितीने सिद्धच केलं: फक्त एस आणि झेड आलटून-पालटून येत राहिले, तर कोणीही हरतोच. पण १९९८ च्या ‘टेट्रिस द ग्रँड मास्टर’ने पाटी कोरी करणाऱ्याला ‘ब्राव्हो’ म्हणून चौपट गुण दिले.

मग नव्या गेममध्ये आली ‘बॅग’. सात आकार पिशवीत ढवळायचे आणि सातही वाटून झाल्यावरच पिशवी पुन्हा भरायची. आता आखणी करता येऊ लागली. पहिल्या सहा ठोकळ्यांनी दोन्ही बाजू रचायच्या, उभी काठी, म्हणजे ‘आय’, होल्डमध्ये ठेवायची आणि मधली जागा काठी व पुढच्या बॅगेतल्या तीन ठोकळ्यांनी भरायची. पहिल्या बॅगेत टी एकटाच असतो, म्हणून या भिंती कधीच सरळसोट होत नाहीत. वाकड्या दिसल्या तर घाबरू नका, तसंच असतं.

सोपी प्रॅक्टिस हवी? ‘जे’ आडवा ठेवा, शिंग डावीकडे. त्याला चिकटून ‘एल’, शिंग उजवीकडे. दोन शिंगांमधल्या खाचेत आडवी काठी. उरलेल्या चार रकान्यांत दोन चौकोन. पाच ठोकळे, दोन ओळी, पाटी कोरी! फक्त बॅगेत चौकोन एकच असतो, त्यामुळे गेम सुरू होताच ही मांडणी जमत नाही.

गेल्या आठवड्यात मला पहिल्यांदा जमलं. रिकामा स्क्रीन जेमतेम एक सेकंद टिकला, लगेच पुढचा ठोकळा आला. तरी त्या ब्रिक गेमवाल्या पोराला सांगावंसं वाटलं, बाळा, तुझा हात स्लो नव्हता रे.

तुमची पाटी कोरी झाली की कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!