हात स्टिअरिंगवर, डोळे रस्त्यावर

चालत्या मोटारीत गाणे ऐकणे ही आज अगदी साधी गोष्ट वाटते. पण घरातला रेडिओ उचलला आणि मोटारीत ठेवला, इतके हे काम सोपे कधीच नव्हते. मोटारीने रेडिओपुढे तीन प्रश्न टाकले. इंजिनाच्या खरखरीतून आवाज वेगळा कसा काढायचा? रेडिओला लागणारी वीज कोठून आणायची? आणि तिसरा, सर्वांत अवघड प्रश्न : हात स्टिअरिंगवर आणि डोळे रस्त्यावर ठेवून रेडिओ चालवायचा कसा? पहिल्या दोन प्रश्नांना उत्तरे मिळाली. तिसरा प्रश्न मात्र दर पिढीत नवे रूप घेऊन पुढे येत राहिला. या लेखात आपण ही गोष्ट क्रमाने पाहू. तिच्यातला बराचसा भाग शाळेच्या भौतिकशास्त्रातच बसतो, हे वाचकांच्या लक्षात येईलच.

प्रत्येक प्लग म्हणजे एक प्रक्षेपक

१८८७-८८ साली हाइनरिश हर्ट्झने दोन धातूच्या गोळ्यांमध्ये विजेची ठिणगी पाडली आणि दूरवरच्या तारेच्या कड्यात तिचा परिणाम दाखवला. रेडिओलहरींचा तो पहिला निर्णायक पुरावा होता. पेट्रोलच्या इंजिनातला स्पार्क प्लग नेमके हेच करतो. दोन टोकांमध्ये ठिणगी पडते, आणि इंधन पेटवता पेटवता ती आजूबाजूला रेडिओलहरीही फेकते.

या ठिणग्या किती पडतात त्याचा हिशेब विद्यार्थ्यांकडून करून घेण्यासारखा आहे. चार सिलिंडरांच्या, चार आघातांच्या इंजिनात दर फेऱ्याला दोन ठिणग्या पडतात. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर मिनिटाला ६००० ठिणग्या, म्हणजे सेकंदाला १०० झाल्या. रेडिओपासून हातभर अंतरावर सेकंदाला शंभर वेळा बोलणारा प्रक्षेपक बसवला, तर दूरच्या केंद्राचे क्षीण गाणे ऐकू कसे यावे?

१९२० च्या दशकात हौशी लोकांनी मोटारीत रेडिओ बसवले, पण ते बहुधा गाडी उभी करून, इंजिन बंद करूनच ऐकावे लागत. मग हळूहळू उपाय सापडले. प्लगच्या तारांमध्ये काही हजार ओहमचे रोध घातले की ठिणगी इंधन पेटवण्यापुरती राहते, पण तिचा गलका कमी होतो. जनित्रावर धारित्र जोडले. रेडिओ लोखंडी पेटीत बंद केला आणि ती पेटी गाडीच्या सांगाड्याला जोडली.

शिकागोत पॉल आणि जोसेफ गॅल्विन या बंधूंचा लहानसा कारखाना होता. त्यांनी १९३० साली विक्रीयोग्य मोटार-रेडिओ तयार केला. त्या वर्षी अटलांटिक सिटी येथे रेडिओ उत्पादकांचे अधिवेशन होते. पॉल गॅल्विन यांनी रेडिओ बसवलेली आपली गाडी सभागृहाबाहेर उभी केली, आवाज मोठा केला आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना थांबवून ऐकवला. रेडिओचे नाव होते मोटोरोला. पुढे १९४७ मध्ये कंपनीनेच ते नाव घेतले. त्या रेडिओची किंमत शंभर डॉलरच्या वर होती, आणि तेव्हा फोर्डची नवी कोरी गाडी पाचशे डॉलरच्या आसपास मिळत असे!

सहा व्होल्टचे दोनशे व्होल्ट

दुसरी अडचण विजेची. त्या काळचे रेडिओ व्हॉल्व्हचे. व्हॉल्व्हची तार तापवायला मोटारीची सहा व्होल्टची बॅटरी पुरे, पण त्याच्या पट्टीला दीडशे-दोनशे व्होल्ट दाब लागे. सुरुवातीला त्यासाठी कोरड्या घटांची वेगळी जड बॅटरी गाडीच्या तळाशी ठेवत. ती संपली की नवी विकत घ्यायची.

दाब वाढवायला रोहित्र आहेच, असे विद्यार्थी म्हणतील. पण रोहित्राला बदलता प्रवाह लागतो आणि बॅटरी देते एकदिश प्रवाह. येथे कामाला आली ती शाळेच्या प्रयोगशाळेतली विद्युत घंटा. घंटेत विद्युतचुंबक पट्टी ओढतो, ओढताच मंडल तुटते, पट्टी परत जाते, मंडल पुन्हा जुळते. घंटेचा टोल काढून टाका आणि पट्टीची थरथर तेवढी ठेवा. सेकंदाला शंभरेक वेळा थरथरणारी ही पट्टी बॅटरीचा प्रवाह तोडत-जोडत राहते. असा तुकड्यातुकड्यांचा प्रवाह रोहित्रात सोडला की दुसऱ्या बाजूला वाढलेला दाब मिळतो, आणि तो पुन्हा एकदिश करून व्हॉल्व्हला देता येतो. या भागाला व्हायब्रेटर म्हणत. जुना मोटार-रेडिओ सुरू केला की आधी बारीक गुणगुण ऐकू येई आणि व्हॉल्व्ह तापल्यावर मग गाणे, त्याचे कारण हेच.

व्हायब्रेटरची टोके झिजत, चिकटत. त्याची सुट्टी केली ट्रान्झिस्टरने. बेल प्रयोगशाळेत डिसेंबर १९४७ मध्ये ट्रान्झिस्टर जन्मला. क्रायसलर आणि फिल्को या कंपन्यांनी १९५५ मध्ये संपूर्ण ट्रान्झिस्टरचा मोटार-रेडिओ आणला. ट्रान्झिस्टरला बॅटरीचा दाबच पुरतो. त्यामुळे व्हायब्रेटर नको, रोहित्र नको आणि तापण्याची वाट पाहणेही नको.

दोन सेकंदांत तेहतीस मीटर

आता तिसरा प्रश्न. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. चालकाने रेडिओचा काटा पाहण्यासाठी दोन सेकंद मान खाली घातली, तर गाडी ३३ मीटर आंधळी धावली. मोटार-रेडिओ बाजारात आला तेव्हाच हा आक्षेप घेतला गेला. अमेरिकेत काही ठिकाणी मोटारीतल्या रेडिओवर बंदी घालावी असे प्रस्तावही आले. उत्पादकांचे म्हणणे असे की, रेडिओमुळे लांबच्या प्रवासात चालक जागा राहतो. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य होते. ऐकण्याने फारसे बिघडत नाही, बिघडते ते पाहण्याने आणि चाचपण्याने.

म्हणून यंत्र बनवणाऱ्यांनी पहिल्यापासून चालकाच्या हाताचा विचार केला. सुरुवातीचे रेडिओ मोठे होते. जर्मनीत १९३२ मध्ये आलेला ब्लाउपुंक्टचा रेडिओ तर पंधरा किलोंच्या घरात होता. एवढी पेटी समोर बसणे शक्यच नव्हते, ती दूर कोठेतरी दडवत आणि तिची लहानशी चावी स्टिअरिंगच्या दांड्यावर बसवत. आज स्टिअरिंगवर आवाजाची बटणे पाहून नवल वाटते, पण ती कल्पना इतकी जुनी आहे.

पुढे आली दाबायची बटणे. त्यांच्या करामतीत वीज अजिबात नव्हती. चालक निघण्याआधीच काटा फिरवून हवे ते केंद्र लावी, मग एक बटण बाहेर ओढून पुन्हा आत दाबी. त्याबरोबर बटणामागचा तुकडा त्या जागी पक्का होई. नंतर चालत्या गाडीत ते बटण दाबले की सरकती पट्टी बरोबर त्याच जागी जाऊन थांबे. ही निव्वळ लोखंडाची स्मरणशक्ती होती. शिवाय घरच्या रेडिओतल्या फिरत्या पत्र्यांच्या धारित्राऐवजी मोटारीत बहुधा तारेच्या वेटोळ्यात आतबाहेर सरकणारे गाभे वापरत. खड्ड्यांच्या हादऱ्यांनी पत्रे थरथरतात, गाभे सहसा जागचे हलत नाहीत.

१९५० च्या दशकात स्वतःच पुढचे केंद्र शोधून थांबणारे रेडिओ आले. काही अमेरिकी गाड्यांत त्यासाठी पायाने दाबायचा खटकाही होता.

पुलाखाली आवाज का जातो?

पुलाखालून जाताना मध्यम लहरींवरचे केंद्र क्षणभर गडप होते, एफ.एम. मात्र बहुधा चालू राहते. आकाशवाणीच्या पुणे केंद्राची मध्यम लहरींवरील वारंवारता ७९२ किलोहर्ट्झ. प्रकाशाच्या वेगाला तिने भागले की लहरीची लांबी सुमारे ३७९ मीटर येते. इतकी लांब लहर पुलाखालच्या लहान पोकळीत शिरू शकत नाही. एफ.एम.ची १०० मेगाहर्ट्झची लहर फक्त तीन मीटरची, ती शिरते. तिचा चौथा हिस्सा पाऊण मीटर. गाडीवरची जुनी उभी काडी साधारण तेवढ्याच लांबीची असे, तो योगायोग नव्हे. ही काडीदेखील नंतर आली. पूर्वी गाड्यांचे छत कापडाचे असे आणि एरियलची जाळी त्यातच शिवत. १९३५ च्या सुमारास पोलादी छते आली, तेव्हा एरियलला बाहेर यावे लागले.

आपल्या पसंतीचे गाणे

रेडिओवर केंद्र लावेल ते ऐकायचे. प्रवासात आपल्या पसंतीचे ऐकायला पहिला प्रयत्न झाला तो तबकडीचा. क्रायसलरने १९५६ च्या गाड्यांत मिनिटाला १६⅔ फेरे घेणारी तबकडी दिली. तिची रचना लाँग-प्ले तबकडीच्या कामाबद्दल प्रसिद्ध असलेल्या पीटर गोल्डमार्क यांची. सुई उडू नये म्हणून ती जोराने टेकवावी लागे, त्यामुळे तबकडी झिजे. शिवाय घरच्या तबकड्या तिच्यावर चालत नसत. थोड्याच वर्षांत ती बंद पडली.

मग आली चुंबकीय फीत. विल्यम लिअर यांच्या आठ पट्ट्यांच्या काडतुसात टोके जोडलेली अखंड फीत होती. फोर्डने १९६६ च्या गाड्यांसाठी ती दिली. ती नुसती खाचेत ढकलायची, दुसरे काही करायचे नाही. चालकाच्या दृष्टीने हे उत्तम. पण फीत रिळाच्या मध्यातून ओढली जाई, म्हणून ती मागे नेता येत नसे. आणि पट्टा बदलताना कधी कधी गाणे मध्येच तुटे.

खरी बाजी मारली ती कॅसेटने. फिलिप्स कंपनीच्या लू ओटेन्स यांच्या गटाने ती बनवली आणि १९६३ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात मांडली. कोटाच्या खिशात मावणारा लाकडी ठोकळा करून ओटेन्स यांनी आधी माप ठरवले, असे सांगतात. फीत ३.८१ मिलिमीटर रुंद, वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर. एका बाजूला तीस मिनिटे वाजायला किती फीत लागेल? गुणाकार केला की सुमारे ८६ मीटर येते. ९० मिनिटांची कॅसेट त्याच डबीत बसवायची तर फीत पातळ हवी, १२० मिनिटांची त्याहून पातळ. म्हणूनच मोटारीत १२० मिनिटांची कॅसेट लावू नये अशी सूचना असे. फिलिप्सने इतर कंपन्यांनाही स्वामित्वशुल्काशिवाय कॅसेट बनवू दिली. तिच्या जगभर पसरण्यामागे यंत्राइतकाच हा निर्णय आहे.

कॅसेटचा मोटारीतला व्यवहारही हाताच्या सवयीवर बेतलेला होता. कॅसेट आत ढकलली की आतला खटका दबून रेडिओ आपोआप बंद. अनेक संचांत एकच कळ अर्धी दाबली की फीत पुढे पळे, पूर्ण दाबली की कॅसेट बाहेर येई. बाजू संपली की स्वतःच उलटी चालणारी यंत्रेही निघाली. चालकाला एवढे सारे न पाहता जमे. आत एक बारीक फिरता दांडा आणि त्यावर दाबलेले रबरी चाक फीत एकसारखी ओढत. पुढचे रीळ अडले तर दांडा फीत ओढतच राही आणि कॅसेट ‘खाल्ली’ जाई. मग बाहेर काढून पेन्सिलीने रीळ फिरवत बसायचे. रिळाला सहा दाते आणि पेन्सिलीला सहा कडा, म्हणून ती त्यात छान अडकते. गाडी बंद करताना कॅसेट आत ठेवली तर काही यंत्रांत रबरी चाकाचा वळ उमटून नंतर सूर हेलकावे खाई. म्हणून चांगल्या संचांत किल्ली काढताच चाक मागे सरके.

आपल्याकडे रेडिओ बाळगायला पोस्टातून परवाना काढावा लागे. १९८० च्या दशकात तो रद्द झाला, आणि त्याच दशकात कॅसेटची लाट आली. तबकडीच्या मानाने कॅसेट काढणे स्वस्त होते. त्यामुळे मोठ्या कंपन्यांनी ज्यांच्याकडे फारसे पाहिले नव्हते ती भजने, लोकगीते, भीमगीते गावोगावच्या दुकानांत आली, आणि ट्रक-टेम्पोच्या केबिनमध्ये वाजू लागली.

प्रश्न पुन्हा समोर

पुढे सीडी आली, मग मोबाइल फोन. अमेरिकेत कारखान्यातूनच कॅसेट-यंत्र बसवून येणारी शेवटची गाडी २०१० ची लेक्सस मानली जाते. आज अनेक गाड्यांत रेडिओच्या जागी काचेचा पडदा आहे. तो सुंदर दिसतो, नकाशाही दाखवतो. पण काचेला उंचवटा नाही, खाच नाही. बोटाला काही कळत नाही, म्हणून डोळ्यांना वळावे लागते. १९३२ मध्ये स्टिअरिंगवर नेलेली चावी आपण पुन्हा डोळ्यांच्या ताब्यात दिली. गाड्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेने २०२६ पासूनच्या नियमांत दिशादर्शक दिवे, भोंगा, काचेचे वायपर अशा मूलभूत गोष्टींसाठी खरी बटणे असण्याला महत्त्व दिले आहे, ते यामुळेच.

पहिला प्रश्नही परतला आहे. विजेच्या मोटारीत प्लग नाही, पण बॅटरीचा प्रवाह सेकंदाला हजारो वेळा तोडणारी-जोडणारी यंत्रणा आहे आणि ती मध्यम लहरींत खरखर करते. काही कंपन्यांनी उपाय म्हणून विजेच्या गाड्यांतून मध्यम लहरींचा रेडिओच काढला. फोर्डनेही २०२३ मध्ये तसे ठरवले होते. परंतु आपत्तीच्या वेळी याच लहरींवरून दूरवर सूचना पोचतात, असा आक्षेप आला आणि कंपनीने निर्णय फिरवला.

वर्गात हा विषय घेताना विद्यार्थ्यांना एक काम द्यावे. उभ्या गाडीत, इंजिन बंद असताना, डोळे मिटून आवाज कमी करायला सांगावे, एकदा फिरत्या चावीने आणि एकदा पडद्यावर. किती सेकंद लागले ते दुसऱ्याने मोजावे आणि ताशी ६० किलोमीटर वेगाने तेवढ्यात गाडी किती मीटर गेली असती ते फळ्यावर मांडावे. यंत्र माणसासाठी कसे घडवावे, याचा विचार त्या आकड्यापासून सुरू होतो.