फरगाणा खोऱ्यातील कारागिरी : सातत्याचा प्रश्न

ताश्कंदहून निघून कामचिकचा घाट ओलांडला, की प्रवासी फरगाणाच्या खोऱ्यात उतरतो. २०१६ पासून या डोंगराखालून लोहमार्गाचा सुमारे १९ किलोमीटर लांबीचा बोगदाही झाला आहे. इ. स. १४८३ मध्ये बाबराचा जन्म या खोऱ्यातील अंदिजान येथे झाला, म्हणून भारतीय अभ्यासकास हा प्रदेश नावाने तरी परिचित असतो. परंतु कोकंद, रिश्तान व मार्गिलान ही गावे क्रमाने पाहत गेल्यास राजवंशांच्या इतिहासापेक्षा निराळा प्रश्न उपस्थित होतो. तो असा की, कारागिरीचे सातत्य नेमके कशात असते?

कोकंद येथे खुदायार खानाचा राजवाडा आहे. त्याच्या दर्शनी भिंतींवरील रंगीत कौलकाम खानशाहीच्या अखेरच्या काळातील होय. १८७६ मध्ये रशियाने ही खानशाही खालसा केली. तत्पूर्वी येथील कारागीर आपल्याकडील प्राचीन श्रेणींसारख्या संघांत विभागलेले असत. प्रत्येक संघाचा ‘रिसाला’ असे व त्यात त्या धंद्याचा उगम एखाद्या पैगंबरापर्यंत नेलेला असे. शिकून तयार झालेल्या शागिर्दाची कंबर विधिपूर्वक बांधली, म्हणजे त्यास स्वतंत्र धंद्याची मान्यता मिळे.

पुढे रिश्तान लागते. तेथील तांबड्या मातीच्या भांड्यांवर निळ्या-हिरव्या छटेची जी झिलई दिसते, तिला ‘इश्कोर’ म्हणतात. क्षारयुक्त वनस्पतींच्या राखेपासून ती सिद्ध होते. विसाव्या शतकात कारखानी झिलईने तिला मागे सारले. पुढे काही उस्तादांच्या प्रयत्नाने ती पुन्हा प्रचारात आली.

मार्गिलान हे रेशमाचे केंद्र. येथे विणण्यापूर्वीच ताण्याचे धागे बांधून रंगवितात. या पद्धतीस ‘अब्रबंदी’ ही संज्ञा आहे. फारसी ‘अब्र’ म्हणजे ढग. संस्कृत ‘अभ्र’ हा त्याचाच सगोत्र शब्द होय. ताणा रेशमी व बाणा सुती असल्यास ते ‘अद्रस’, दोन्ही रेशमी असून विणकर साटिनसारखी असल्यास ‘अतलस’. निळ्या रंगासाठी लागणारी नीळ एके काळी हिंदुस्थानातून जात असे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रासायनिक रंग आले आणि ही गरज ओसरली. सोव्हिएत राजवटीत स्वतंत्र कारागीर प्रथम सहकारी ‘आर्तेल’मध्ये गोळा झाले. १९६० मध्ये आर्तेलही संपुष्टात आले व कारखान्यांचे वर्चस्व दृढ झाले.

तात्पर्य, रंग बदलले, झिलई बदलली, संघ मोडले, मालकही बदलले. तेव्हा आज ‘प्राचीन’ म्हणून विकले जाणारे प्रत्येक वस्त्र अखंड परंपरेचा पुरावा मानणे योग्य नव्हे. जे टिकले, ते मुख्यतः घराघरांतून चालत आलेल्या उस्ताद-शागिर्द संबंधामुळे टिकले. १९९१ च्या स्वातंत्र्यानंतर पुनरुज्जीवनाचे जे प्रयत्न झाले, त्यांचा आधार हाच संबंध होता. युनेस्कोने २०१७ मध्ये मार्गिलानच्या हस्तकला विकास केंद्राची नोंद केली, तीही संरक्षणाच्या उत्तम पद्धतींच्या सूचीत. गौरव वस्त्राचा नव्हे, ते शिकविण्याच्या व्यवस्थेचा झाला, हे येथे लक्षात घ्यावयास हवे.

वस्तू संग्रहालयात शतकानुशतके राहू शकते. हातातील विद्या मात्र एका पिढीच्या खंडाने लुप्त होते. म्हणून हस्तव्यवसायांचा इतिहास लिहिणाऱ्याने नमुन्यांची कालगणना करण्याबरोबरच, कोणी कोणास शिकविले, याचीही नोंद ठेवली पाहिजे.