गडाचा दोर आणि आकाशातला दोर



युद्धाच्या इतिहासात तलवार, घोडा आणि तोफ यांना जो मान मिळाला, तो दोराला कधी मिळाला नाही. दोर म्हणजे विहिरीवरची, गोठ्यातली वस्तू. तिचा पोवाडा कोण गाणार? तथापि आमच्या भाषेने तिची आठवण जपली आहे. 4 फेब्रुवारी 1670 च्या रात्री तानाजी मालुसरे आपल्या मावळ्यांसह सिंहगडाचा कडा चढून गेले. घोरपडीची कथा इतिहासाच्या कसोटीला उतरत नाही. तानाजी पडल्यावर सूर्याजीने दोर कापले, ही आख्यायिकाही कोणी शंकास्पद मानील. पण ‘परतीचे दोर कापणे’ हा वाक्प्रचार मात्र घरोघर रुजला. आज आम्हांला सांगावयाचे आहे ते याच दोराविषयी. फरक इतकाच, की तेव्हा तो कड्यावरून सुटे, आता तो आकाशातून सुटतो.

हा दोर आकाशात का गेला, हे समजण्यासाठी प्रथम चाकणला जाऊ. आज चाकण म्हटले की मोटारींचे कारखाने डोळ्यांपुढे येतात. 1660 साली तेथे संग्रामदुर्ग हा भुईकोट होता. त्याला कड्याचा आधार नव्हता. आधार होता तो तट, खंदक आणि किल्लेदार फिरंगोजी नरसाळा यांचा. 21 जूनला शाएस्तेखानाने वेढा घातला. महाराज त्या वेळी सिद्दी जौहरच्या वेढ्यात पन्हाळ्यावर अडकलेले. जुलैत ते निसटले, तरी चाकणला कुमक पोचणे शक्य झाले नाही. सुमारे 55 दिवस किल्ला झुंजला. 14 ऑगस्टला सुरुंगाने बुरूज उडाला आणि दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. मोगलांचे 268 लोक ठार व 600 जखमी झाले. फिरंगोजींनी खानाची चाकरी नाकारली. शौर्यात उणीव कोठे होती? उणीव होती ती वाटेची. वेढा पडला की चारही दिशा बंद होतात आणि बाहेरचा मित्र हात चोळीत बसतो.

पाचवी दिशा उघडली ती विसाव्या शतकात. 1944 साली ब्रह्मदेशच्या रणांगणातून हेलिकॉप्टरने जखमी शिपाई उचलून आणले. 7 डिसेंबर 1971 रोजी भारतीय सेनेने सिल्हेटजवळ गुरख्यांची पलटण हेलिकॉप्टरने शत्रूच्या पिछाडीस उतरविली. परंतु हेलिकॉप्टरलाही टेकावयास जागा लागते. दाट जंगलात, डोंगराच्या सोंडेवर किंवा शहरातल्या गच्चीवर ती कोठून आणावयाची? तेथे दोर पुन्हा कामाला आला.

या कसरतीला आमचे लष्कर ‘स्लिदरिंग’ म्हणते. ऐकावयास सोपे, करावयास कठीण. यंत्र अधांतरी स्थिर राहते, जाड दोर खाली सुटतो आणि जवान हात व बूट यांच्या पकडीवर घसरत उतरतो. दोराला बांधून घेणे नाही. पकड सैल झाली तर आपटणार. घट्ट केली तर घर्षणाने तळहात भाजणार, म्हणून जाड हातमोजे. पंख्याच्या वाऱ्याने धूळ उसळते. आवाजात हाक ऐकू येत नाही, म्हणून खुणांवर काम. माणसे उतरू लागली की यंत्र हलके होऊन वर जाऊ पाहते. वैमानिकाने ते रोखून धरावयाचे. यासाठीच आधी मनोऱ्यावरून आणि मग यंत्रातून, पुनःपुन्हा सराव. आणि सगळे उतरले की हेलिकॉप्टर निघून जाते. परतीचे दोर कापण्यास तेथे सूर्याजी लागत नाही!

अशा शिक्षणाशी पिंपरी-चिंचवडचा शेजार आहे. शेजारच्या औंधच्या लष्करी तळावर मार्च 2016 मध्ये 18 राष्ट्रांच्या तुकड्यांचा संयुक्त सराव झाला. एप्रिल 2025 मध्ये भारत व उझबेकिस्तान यांच्या ‘दुस्तलिक’ सरावात हेलिकॉप्टरच्या विशेष कारवाया आणि लहान तुकड्या उतरविणे व परत काढणे हेही विषय होते.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर मुंबईने रक्ताने लिहून ठेवले आहे. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री कुलाब्यातील नरिमन हाउस दहशतवाद्यांनी ताब्यात घेतले. राष्ट्रीय सुरक्षा दलाचे कमांडो हरियाणातील मानेसरहून निघाले आणि पहाटे मुंबईस आले. 28 तारखेच्या सकाळी हवाई दलाच्या हेलिकॉप्टरमधून ते दोराने त्या घराच्या गच्चीवर उतरले. हवालदार गजेंद्रसिंह बिष्ट यांनी तेथे प्राण दिले. दोन्ही दहशतवादी मारले गेले. पण धर्मगुरू व त्यांच्या पत्नीसह आतले सहा जण वाचले नाहीत. पुढे 2009 मध्ये या दलाचे केंद्र मुंबईत आले.

चाकणला वाट नव्हती. कुलाब्यात वाट होती, पण वेळ उरला नव्हता. दोर हा अखेरच्या काही हातांचा रस्ता आहे. तेवढा रस्ता जवान डोळ्यांचे पाते लवते न लवते तोच कापतो, कारण त्याने तो शंभरदा कापलेला असतो. त्याच्या आधीचा रस्ता, म्हणजे सावध पहारा, जवळ सज्ज असलेले दल आणि तत्काळ होणारा निर्णय, हा राज्यकर्त्यांनी बांधावयाचा असतो आणि तो बांधला की नाही हे तुम्हीआम्ही विचारावयाचे असते. दोरावरच्या माणसाला टाळ्या द्याव्या, हे योग्यच. पण त्याला उशिरा पाठवून मग त्याच्या शौर्याचे पोवाडे गाणे, हे शहाण्या समाजाला शोभत नाही.