सात वर्षांची भवानी, चोपन्न वर्षांची कैकेयी

पुण्याकडून कोल्हापुरात शिरले की कावळा नाक्यावर ताराराणींचा अश्वारूढ पुतळा लागतो. हातात तलवार, घोडा आवेशात. पुतळा उत्तम आहे, पण तो कोणत्या ताराबाईंचा, हे आम्ही कोल्हापूरकर स्वतःला विचारत नाही. तो १७०० ते १७०७ या सात वर्षांतल्या ताराबाईंचा आहे. त्यानंतर त्या आणखी चोपन्न वर्षे जगल्या. त्या चोपन्न वर्षांबद्दल मराठी समाजाने एक निकाल देऊन ठेवला आहे आणि तो इतक्या वेळा वाचून दाखवला आहे की आता तो निकाल न वाटता हकिगत वाटू लागला आहे.

तो निकाल आधी नीट मांडतो, कारण तो खुळचट नाही. मार्च १७००मध्ये सिंहगडावर राजाराम महाराज वारले. पंचविशीतल्या ताराबाईंनी अल्पवयीन मुलाला गादीवर बसवून औरंगजेबाला झुंजवले, इथपर्यंत त्या धन्य. पण १७०७मध्ये संभाजी महाराजांचे पुत्र शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले, तेव्हा थोरल्या पातीचा हक्क मान्य करून बाजूला होण्याऐवजी त्यांनी पुत्रमोहाने घर फोडले. राजारामांनी स्वतः शाहूंनाच खरे धनी मानल्याचे दाखले आहेत. ताराबाईंनी मात्र आलेला शाहू तोतया आहे अशी हूल उठवली. पुढे कोल्हापूरची गादी निजामाला जाऊन मिळाली. म्हातारपणी त्यांनी नातू म्हणून पुढे आणलेल्या रामराजांनाच कैद केले आणि अखेर हा माझा नातू नव्हे अशी शपथ वाहिली. एवढे झाल्यावर कैकेयी म्हणायचे नाही तर काय म्हणायचे? शिवाय साताऱ्याचा झेंडा अटकेपर्यंत गेला, कोल्हापूरचा कुठे गेला?

यातले निजामाचे कलम सर्वांत ढिले, म्हणून ते आधी निकालात काढू. कोल्हापूरचे संभाजीराजे निजामाच्या बाजूला गेले हे खरे. १७२८मध्ये पालखेडला बाजीरावाने निजामाची कोंडी केली आणि मुंगी-शेवगावच्या तहात तो डाव मोडला. त्या वेळी ताराबाई कुठे होत्या? पन्हाळ्यावर, कैदेत. १७१४मध्ये त्यांची सवत राजसबाई हिने त्यांना आणि त्यांचा मुलगा शिवाजी यांना बंदीत टाकून स्वतःच्या मुलाला, म्हणजे याच संभाजीराजांना, गादीवर बसवले होते. तो शिवाजी पुढे कैदेतच मेला. तुरुंगात बसलेल्या बाईच्या नावावर तुरुंगवाल्याचा तह मांडणारा हा कुठला हिशेब?

आता हक्काचा प्रश्न. थोरल्या पातीचा हक्क ही भावना होती, लिखित कायदा नव्हता. १६८०मध्ये शिवाजी महाराज गेल्यावर रायगडावर काय घडले ते आठवावे. मंत्र्यांनी दहा वर्षांच्या राजारामांना गादीवर बसवले आणि संभाजी महाराजांनी पन्हाळ्यावरून हालचाल करून ती घेतली. ताराबाईंचा युक्तिवाद असा होता की संभाजी महाराजांच्या वेळचे राज्य १६८९मध्ये बुडाले, पुढचे राज्य राजारामांनी जिंजीपासून लढून नव्याने मिळवले, तेव्हा ते त्यांच्या मुलाचे. हा युक्तिवाद पटो न पटो, तो युक्तिवाद आहे. पुत्रमोह म्हणून तो झटकता येत नाही.

आणि शाहू आले ते कसे? पळवून नेलेला मुलगा पळून घरी यावा तसे नव्हे. औरंगजेबाचा मुलगा आझमशहा याने त्यांना सोडले ते मराठ्यांत दुफळी पडावी म्हणून. मोगल सरदार झुल्फिकारखानाचा सल्ला तोच होता. आई येसूबाई ओलीस राहिल्या, त्या १७१९ सालापर्यंत सुटल्या नाहीत. ज्याची आई दिल्लीच्या मुठीत आहे, तो राजा दिल्लीशी कसा वागेल, ही शंका १७०७मध्ये घेणे पाप होते काय? आणि झालेही तसेच: १७१९च्या मोगली सनदांत शाहूंना चौथाई-सरदेशमुखी मिळाली, मात्र वर्षाला १० लाखांची पेशकश आणि १५,००० फौजेची चाकरी कबूल करून.

इथे माझ्या अशिलाविरुद्धचा पुरावाही मीच पुढे ठेवतो, नाहीतर विरोधी वकील ठेवतीलच. ताराबाईंनीही १७००मध्ये औरंगजेबाकडे मुलासाठी मनसब मागून पाहिली होती आणि पुढे बहादूरशहाकडे सरदेशमुखीचा दावा लावला होता. मुनीमखान त्यांच्या बाजूने बोलला, झुल्फिकारखान शाहूंच्या. बादशहाने दोघांना आपसांत लढू दिले. म्हणजे मोगली फर्मानाचा विटाळ दोन्ही अंगांना आहे. मग तो एकीलाच का लागतो? शाहूंचे ते मुत्सद्देगिरी, ताराबाईंचे ते कारस्थान! तोतया ठरवण्याची चाल मात्र वाईटच होती. त्यावर पांघरूण घालत नाही.

आपण माणसे कशी तोलतो ते पाहायचे असेल, तर जाधव बापलेकांकडे पाहा. सेनापती धनाजी जाधवांना ताराबाईंनी शाहूंवर पाठवले. ऑक्टोबर १७०७मध्ये खेडच्या लढाईत धनाजी शाहूंना जाऊन मिळाले. आजही त्यांचे नाव आपण आदराने घेतो, पेठ वडगावला त्यांची समाधी आहे, आणि तो आदर योग्यच आहे. त्यांचा मुलगा चंद्रसेन शाहूंचा सेनापती झाला. १७११मध्ये बाळाजी विश्वनाथाशी बिनसून तो ताराबाईंकडे आला, आणि त्यांची सत्ता गेल्यावर निजामाकडे गेला. निजामाची चाकरी सोडून देऊ. पण ताराबाईंकडे आला त्याच दिवशी तो बखरींत फितूर ठरला. बापाने पक्ष बदलला तो जिंकणाऱ्याकडे, लेकाने बदलला तो हरणाऱ्याकडे. दुसरा फरक मला सापडत नाही.

रामचंद्रपंत अमात्यांचेही तेच. राजारामांच्या काळापासून राज्य सांभाळणारा हा थोर माणूस १७१४च्या सत्तांतरात ताराबाईंच्या बाजूला राहिला नाही आणि १७१६चे आज्ञापत्र नव्या संभाजीराजांच्या नावाने लिहिले गेले. आज्ञापत्र आपण डोक्यावर घेतो. त्यामागच्या कैदखान्याचा उल्लेखही करत नाही.

मग हा निकाल लिहिला कोणी? बराचसा साताऱ्याकडच्या लेखण्यांनी. मल्हार रामराव चिटणीस हे खंडो बल्लाळांच्या घराण्यातले, आणि खंडो बल्लाळ १७०७मध्येच शाहूंकडे गेलेले. चिटणिशी बखर शंभर वर्षांनी, साताऱ्याच्या गादीच्या छायेत लिहिली गेली. त्यात ताराबाईंना न्याय मिळावा ही अपेक्षाच भाबडी. उलट शत्रूकडे पाहा. खाफीखान हा मोगलांचा तवारीखकार. मराठ्यांना शिव्या देताना त्याची लेखणी थकत नाही. पण ताराबाईंची बुद्धी, कारभाराची आणि लष्करी समज, सरदारांना बांधून ठेवण्याची हातोटी तो मान्य करतो. पन्हाळा, विशाळगड, सिंहगड, राजगड असे किल्ले औरंगजेब एकेक करून घेत होता, बहुतेक पैसे मोजून, आणि मराठी फौजा नर्मदा ओलांडून माळव्यात शिरत होत्या, हे त्याने पाहिले होते. वैऱ्याची साक्ष निर्मळ आणि घरच्यांची गढूळ, असा हा प्रकार. पुढे शिवाजी विद्यापीठाचे पहिले कुलगुरू आप्पासाहेब पवार यांनी ‘ताराबाईकालीन कागदपत्रे’ छापून काढली. कागद उजेडात आले. शिक्के मात्र जुनेच राहिले.

राहता राहिले रामराजांचे प्रकरण. हे जड आहे. शाहूंच्या अखेरच्या काळात हा माझा नातू असे ताराबाईंनीच सांगितले, आणि १७५२मध्ये जेजुरीला खंडोबापुढे नाही म्हणून शपथ वाहिली. दोहोंपैकी एक खोटे. त्यावर मी वकिली करत नाही. पण त्याआधीचा क्रम तरी बघाल की नाही? सप्टेंबर १७५०मध्ये सांगोल्याला रामराजांनी आपले अधिकार नानासाहेब पेशव्यांच्या हाती दिले. छत्रपतींची सत्ता कागदावर संपली. नोव्हेंबरात, चंपाषष्ठीला, ताराबाईंनी त्यांना साताऱ्याच्या किल्ल्यात अडकवले आणि पेशव्यांना आवरायला दमाजी गायकवाडांना गुजरातेतून बोलावले. पंचाहत्तरीची बाई गादीचा अधिकार पेशव्यांच्या घशातून काढू पाहत होती. दमाजी हरले, पकडले गेले. आणि जेजुरीच्या शपथेनंतर? रामराजे कैदेतच राहिले. पेशव्यांनी त्यांना सोडवले नाही, कारण कैदेतला छत्रपती त्यांनाही सोयीचाच होता. पण छत्रपती कोंडल्याचा दोष एका म्हातारीच्या पदरात.

परिणामांवरूनच न्याय करायचा, तर सगळे परिणाम घ्या. अटक घ्या, तसे पानिपतही घ्या. पेशवाई १८१८मध्ये संपली, साताऱ्याची गादी डलहौसीने १८४८मध्ये खालसा केली, आणि जिला फुटीचे पाप म्हणतात ती करवीरची गादी १९४९मधल्या विलीनीकरणापर्यंत टिकली, तिच्यावर राजर्षी शाहू बसले. यावरून ताराबाई द्रष्ट्या ठरतात असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणे मूर्खपणाचे होईल. अटकेवरून त्यांना दोषी ठरवणेही तितकेच.

कोल्हापूरकरांनाही एक टोला दिलाच पाहिजे. चौकाला नाव ताराराणींचे. पण १७१४नंतर गादी चालली ती राजसबाईंच्या मुलाकडून आणि त्याच्यामागे आलेल्या दत्तकांकडून. त्या राजसबाईला आम्ही एक तर विसरलो किंवा सवतमत्सराची पुतळी केली. ताराबाईंना जी मोजपट्टी लावू नका म्हणून आम्ही भांडतो, तीच आम्ही तिला लावतो.

वाचकहो, निकाल तुम्ही द्यायचा आहे. एक विनंती. पन्हाळ्यावर मुलांना न्याल तेव्हा ताराबाईंचा वाडा दाखवतीलच. तिथे उभे राहून मुलांना एवढे सांगा, की जिथून ताराराणींनी राज्य केले, त्याच गडावर १७१४पासून पंधरा वर्षांहून अधिक काळ त्या घरच्यांच्या कैदेत होत्या.