पाळीतली प्रार्थना

पिंपरी-चिंचवडच्या अनेक मराठी ख्रिस्ती घरांत कौटुंबिक प्रार्थनेचा क्रम ठरलेला असतो: एक गीत, बायबलमधला छोटा पाठ, ज्याची-त्याची प्रार्थना आणि शेवटी सर्वांनी मिळून प्रभूची प्रार्थना. पाठ आणि प्रार्थना जगभरच्या ख्रिस्ती घरांत आहेत. गीताचे कूळ मात्र मराठी.

इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले. साष्टीतल्या नव्या ख्रिस्ती लोकांचे पुराणश्रवण सुटले होते. त्या जागी ऐकायला काही हवे होते. स्टीफन्सनी ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत बांधली. सुमारे ११ हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोलला रोमी लिपीत छापले गेले आणि रविवारी, सणावारी चर्चमध्ये वाचले जाऊ लागले. ज्ञानेश्वरीची ओवी तीच, जात्यावरचीही तीच. ती कानावर पडली की पाठ होते. अक्षरओळख नसली तरी अडत नाही.

पुढे एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी मराठीत उपासना आणली तेव्हा बरीचशी गीते परदेशी चालींवर बेतलेली होती. शब्द मराठी, पण ठेका ओढूनताणून आणलेला. अहमदनगरच्या मंडळीत कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन रुजवले. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी अभंग आणि भजन थेट उपासनेत आणले. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. त्यांची पुष्कळ गीते ‘उपासना संगीत’ या संग्रहात आहेत. मोठ्या अभंगाची सहा-सहा-सहा-चार अक्षरांची चरणे एका श्वासात बसतात, यमक पुढच्या चरणाची आठवण करून देते. चालता-फिरता म्हणायला याहून सोयीचे काय?

ही सोय कारखान्यांच्या पट्ट्यात फार कामी आली. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. मग आकुर्डी, भोसरी आणि अलीकडे चाकण. नगर-मराठवाड्याकडून कामासाठी आलेल्यांत ख्रिस्ती कुटुंबेही होती. गावी दिवेलागणीला सगळे घर एकत्र बसे. इथे बाप पहिल्या पाळीला, मुलगा रात्रपाळीला, आणि पाळी बदलली की सगळ्यांचेच वेळापत्रक बदलते. मग प्रार्थना कुठे जेवणाआधी होते, कुठे रात्रपाळीहून परतल्यावर. सगळे घर जमायला कधी कधी सुट्टीचा दिवस उजाडावा लागतो.

अशा वेळी ठरलेल्या घटकेवर बेतलेली भक्ती लवकर तुटते. तोंडपाठ असलेली टिकते. कंपनीच्या बसची वाट पाहताना दोन कडवी म्हणून होतात, त्याला ना पुस्तक लागते ना पाळक. श्रद्धा रोज थोडी थोडी वाढते असे मंडळीत शिकवतात. त्या ‘थोड्या’चे माप मराठी ख्रिस्ती माणसाला ओवी-अभंगांनी आधीच घालून दिले होते: एका श्वासात मावेल एवढे.