धूळ गिळणारे नळकांडे : एका घरगुती यंत्राचे उत्तरायुष्य

#थ्रेड

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन संग्रहालयात १९३७ सालच्या रचनेचा एक व्हॅक्यूम क्लीनर जतन केलेला आहे. इलेक्ट्रोलक्स कंपनीचे हे ‘मॉडेल ३०’. लांबट, चकचकीत, जमिनीलगत सरपटणारे नळकांडे. प्रथमदर्शनी ते खेळण्यातल्या आगगाडीचे इंजिनच वाटते. संग्रहालयातील हे यंत्र धूळ ओढत नाही. पण याच मॉडेलची काही भावंडे हौशी संग्राहकांच्या घरांत आजही सुरू होतात आणि गालिचे साफ करतात.

जतन झाले म्हणायचे ते नेमके कोणाचे? मूळ वायरीसह मूक उभ्या असलेल्याचे, की वायर बदलून चालत्या ठेवलेल्याचे? तलवार, नाणे किंवा ताम्रपट यांच्याबाबत हा पेच सहसा पडत नाही. घरगुती यंत्राबाबत तो पहिल्याच दिवशी पडतो.

आधी वंशावळ पाहू. १९०१ मध्ये लंडनच्या ह्यूबर्ट सेसिल बूथ या अभियंत्याने हवा खेचून धूळ काढणारे यंत्र उभे केले. ते इतके अवाढव्य होते की घोडागाडीवरून न्यावे लागे. यंत्र रस्त्यावर उभे राही आणि लांबलचक नळ्या खिडक्यांतून दिवाणखान्यात शिरत. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी वेस्टमिन्स्टर ॲबीतील गालिचे याच यंत्राने स्वच्छ झाले. म्हणजे आरंभी हे यंत्र कोणाच्या मालकीचे नसे. बँडपथक बोलवावे तसे ते बोलवावे लागे.

अटलांटिकपलीकडे, ओहायोतील कँटन गावी, जेम्स मरे स्पँग्लर हा दम्याने बेजार झालेला सफाई कामगार होता. पंखा, पेटी, झाडूची दांडी आणि उशीचा अभ्रा यांतून त्याने हातात धरून ढकलता येईल असे यंत्र जुळवले. १९०८ मध्ये त्याला पेटंट मिळाले. चामड्याच्या व्यवसायातील विल्यम हूवरने ते विकत घेतले आणि पुढे ‘हूवर’ हे इंग्लंडात चक्क क्रियापद झाले. धुळीने ज्याचा श्वास कोंडत होता त्याचे नाव मात्र फारसे कोणाच्या ओठी राहिले नाही.

आता या दोन घराण्यांतला भेद नीट समजून घ्यायला हवा, कारण संग्राहकांचे सारे जग त्यावर उभे आहे. स्पँग्लरच्या उभ्या यंत्रात धूळ, खडे, केस हे सर्व आधी पंख्यातून जाते आणि मग मागच्या पिशवीत पडते. त्यामुळे एखादा खिळा ओढला गेला तर पंख्याचे पाते तुटू शकते. आडव्या डब्याच्या, म्हणजे कॅनिस्टर प्रकारच्या यंत्रात क्रम उलटा असतो. तोंडाशी नळी, तिच्यामागे पिशवी आणि सर्वांत शेवटी पंखा व मोटर. मोटरपर्यंत पोचते ती गाळलेली हवा. ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीच्या काही मोटरी अजून फिरतात, त्याचे एक साधे कारण या क्रमात आहे.

या घराण्याचा कर्ता पुरुष ॲक्सेल व्हेनर-ग्रेन. १९०८ मध्ये व्हिएन्नातील एका दुकानाच्या काचेआड या स्वीडिश तरुणाने अमेरिकी बनावटीचा अवजड ‘सँटो’ क्लीनर पाहिला. हे यंत्र हलके आणि स्वस्त झाले तर घराघरांत जाईल, हे त्याने हेरले. १९१९ मध्ये दोन स्वीडिश कंपन्या एकत्र येऊन इलेक्ट्रोलक्स स्थापन झाली आणि १९२१ मध्ये ‘मॉडेल व्ही’ बाजारात आले. आडवे नळकांडे, खाली बर्फावरच्या घसरगाडीसारख्या दोन पट्ट्या. स्वीडनच्या माणसाला दुसरे काय सुचणार! नळी ओढली की यंत्र मागोमाग येई. पलंगाखाली, जिन्यावर, पडद्यांपाशी फक्त हलकी नळी न्यायची.

या मांडणीचा आणखी एक फायदा होता. नळी पुढच्या तोंडाऐवजी मागच्या तोंडाला जोडली की तेच यंत्र हवा फुंकू लागे. त्यावर फवारणीची बाटली लावून रंग मारता येई. मोटरही अशी की एकदिश आणि प्रत्यावर्ती अशा दोन्ही विद्युतप्रवाहांवर चाले. तेव्हाच्या शहरांत एका वस्तीत एक आणि शेजारच्या वस्तीत दुसरा प्रवाह असू शके, म्हणून हे महत्त्वाचे. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमधील एकदिश प्रवाहाचा सार्वजनिक पुरवठा तर २००७ साली पूर्णपणे थांबला.

व्हेनर-ग्रेनची खरी कर्तबगारी विक्रीत दिसते. यंत्र दुकानात मांडून ग्राहकाची वाट पाहायची नाही. विक्रेत्याने दार ठोठवायचे, गृहिणीच्या डोळ्यांदेखत तिच्याच गालिच्यातली धूळ काढून दाखवायची आणि किंमत हप्त्यांनी घ्यायची. ‘स्वच्छ’ वाटणारे घर स्वच्छ नाही, हे आधी पटवावे लागे. यंत्राच्या बरोबरीने एक अस्वस्थताही विकली जात होती.

इथे इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवन यांचे १९८३ चे ‘मोअर वर्क फॉर मदर’ हे पुस्तक आठवावे. घरगुती यंत्रांनी स्त्रीचे श्रम वाचवले, या गोड समजुतीला त्यांनी सुरुंग लावला. पूर्वी गालिचे वर्षातून एक-दोनदा अंगणात नेऊन बडवले जात आणि त्यात पुरुष, मुले, नोकर सारे लागत. यंत्र आले आणि तेच काम दर आठवड्याचे झाले, तेही एकट्या गृहिणीचे. श्रम हलके झाले, पण स्वच्छतेची अपेक्षा वाढली आणि मदतीचे हात निघून गेले. जुन्या क्लीनरकडे पाहताना त्याच्या झळाळीइतकीच ही बाजूही ध्यानात ठेवावी लागते.

मॉडेल ३० ची झळाळी लुरेल गिल्ड या औद्योगिक रचनाकाराची. रेल्वे, विमाने, मोटारी सर्वांना वेगवान, वाऱ्याला कापणारा आकार देण्याचे ते दशक होते. घरातल्या यंत्राला वेगाची गरज काय, हा प्रश्न रास्त आहे. पण महामंदीतून बाहेर पडू पाहणाऱ्या कुटुंबाला भविष्य विकायचे होते.

मग युद्ध आले. १९४२ मध्ये अमेरिकेत नागरी वापराचे क्लीनर बनवणे युद्धकाळापुरते थांबले. घरात होते ते दुरुस्त करून चालवणे हाच मार्ग उरला. त्याच वर्षी नाझींशी संबंधांच्या संशयावरून व्हेनर-ग्रेनला अमेरिकेने काळ्या यादीत टाकले. मानवशास्त्राच्या विद्यार्थ्यांना त्याचे नाव वेगळ्याच कारणाने ठाऊक असते : त्याने १९४१ मध्ये दिलेल्या निधीतून उभे राहिलेले प्रतिष्ठान आजही संशोधनाला अनुदाने देते.

युद्धानंतर आकारांची आतषबाजी सुरू झाली. हूवरने ‘कॉन्स्टेलेशन’ नावाचा गोल ग्रहासारखा क्लीनर काढला. त्याच्या पुढील आवृत्त्या स्वतःच सोडलेल्या हवेच्या गादीवर किंचित तरंगत. ग्रॅहम ग्रीन यांच्या १९५८ च्या ‘अवर मॅन इन हवाना’ कादंबरीत तर क्लीनर विकणारा नायक यंत्राच्या भागांची चित्रे गुप्त शस्त्रे म्हणून ब्रिटिश हेरखात्याला पाठवतो. अणुयुगाच्या भयाची यापेक्षा नेमकी थट्टा क्वचितच झाली असेल.

पुढे प्लास्टिकचे, न उघडणारे, बिघडले की टाकून द्यायचे क्लीनर आले आणि जुने भंगारात निघू लागले. १९८० च्या दशकात अमेरिकेत संग्राहकांचा क्लब निघाला. ओहायोत हूवर कुटुंबाच्या जुन्या घरात आणि मिझुरीतील सेंट जेम्स येथे क्लीनरांची संग्रहालये झाली. लोक हसले. घोडागाडीच्या चाकाला वारसा म्हणणारा समाज आजीच्या क्लीनरला अडगळ म्हणतो. दिवाणखान्यातील तलवार आणि स्वयंपाकघरातील विळी यांच्यातही हाच भेदभाव दिसतो.

यंत्र चालवणाऱ्या संग्राहकाकडे जे ज्ञान साठते ते काचेआडच्या यंत्राकडून मिळत नाही. नळी तुंबली की मोटरचा आवाज वर चढतो. ऐकणाऱ्याला वाटते, यंत्रावर ताण आला. प्रत्यक्षात ओढायला हवाच नसल्याने पंख्यावरचा भार घटलेला असतो आणि मोटर मोकळी होऊन जोरात फिरते. पण जुन्या यंत्रांत तीच वाहती हवा मोटरला थंड ठेवते. म्हणून हा चढा सूर फार वेळ ऐकत बसणे म्हणजे वाइंडिंग जाळून घेणे. १९३० च्या दशकातील गृहिणी हा सूर ओळखून पिशवी झटकत असेल. तो सूर कोणत्याही माहितीफलकावर लिहिता येत नाही.

चालवण्याची किंमतही मोजावी लागते. प्रत्येक फेरीत कार्बन ब्रश झिजतात आणि बेअरिंगमधले जुने ग्रीस सुकून दगड झालेले असते. रबराचे इन्सुलेशन हात लावताच भुगा होऊन पडते आणि धातूचा डबा अर्थिंगविना असतो. अशी वायर ‘मूळ आहे’ म्हणून तशीच वापरणे ही निष्ठा नव्हे, आत्मघात आहे. वायर बदलावीच, मात्र काढलेली वायर, प्लग आणि ब्रश टाकून न देता चिठ्ठी लावून यंत्रासोबत ठेवावेत. जुनी पिशवीही घाईने झटकू नये. वापरलेल्या पिशव्यांतील धुळीतून घरातल्या रसायनांचा माग काढण्याची पद्धत पर्यावरणीय आरोग्याच्या संशोधनात रूढ आहे. उत्खननात मातीचा थर तशी ही धूळ. त्या काळच्या रंगांत शिसे असे, म्हणून तोंडावर मास्क हवा.

‘जुने यंत्र काय ओढणार?’ हा आक्षेप नेहमीचा. वॅट म्हणजे ताकद, हा जाहिरातींनी रुजवलेला भ्रम त्यामागे आहे. वॅट म्हणजे यंत्राने खाल्लेली वीज. हवा किती ओढली जाते ते पंखा, नळी आणि सांधे किती हवाबंद आहेत यांवर ठरते. युरोपीय संघाने २०१४ मध्ये १६०० आणि २०१७ मध्ये ९०० वॅटची मर्यादा घातली, तेव्हा ब्रिटनमध्ये जास्त वॅटचे क्लीनर साठवायला झुंबड उडाली. त्याहून कितीतरी कमी वॅटवर त्यांच्या आज्यांनी घरे झाडली होती.

या कथेचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. १९८२ मध्ये टाटा समूहातील फोर्ब्स आणि इलेक्ट्रोलक्स यांच्या भागीदारीतून युरेका फोर्ब्स सुरू झाली. ‘युरोक्लीन’ घेऊन दारोदार जाणारा टायवाला विक्रेता हा थेट व्हेनर-ग्रेनच्या परंपरेतला. फक्त इथे गालिचाच नव्हता. शहाबादी फरशी, मोझॅइक, केरसुणी, ओले फडके आणि बहुतेकदा ते फिरवणाऱ्या कामवाल्या मावशी, ही आपली व्यवस्था. त्यामुळे यंत्राला गादी, पंख्याची पाती, कोळिष्टके आणि दिवाळीची साफसफाई अशी कामे शोधावी लागली आणि अनेक घरांत ते पहिल्या उत्साहानंतर माळ्यावर चढले.

त्यातली पहिली यंत्रे आता चाळिशी ओलांडत आहेत आणि भंगारवाल्याच्या तराजूत ती किलोवर जातात. घरच्या माळ्यावर असे एखादे नळकांडे सापडलेच तर प्लग लावण्याआधी वायर तपासावी. खालच्या पट्टीवरचा क्रमांक टिपावा, खोक्यात बिल, हप्त्याची पावती किंवा माहितीपुस्तिका आहे का ते पाहावे, आणि ते कोणी, कोणत्या पगारात, कोणाच्या आग्रहाने घेतले हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून कागदावर उतरवून त्याच खोक्यात ठेवावे.