पंगत आणि बाकडे : विठ्ठलवाडी-कल्याण परिसरातील उपाहारगृहांचा अल्प इतिहास



आपल्या संघाच्या आजवरच्या स्मरणिकांतून कुलदैवते, मूळ गावे, आडनावांच्या उत्पत्ती आणि कर्तबगार पूर्वज यांविषयी पुष्कळ लिहून झाले आहे. संपादक मंडळाने यंदा इतिहासपर लेखाची आज्ञा केली, तेव्हा ज्या विषयाकडे आजवर कोणी फारसे वळले नाही असा एक साधा विषय घ्यावा, असे आम्ही योजिले. तो विषय म्हणजे आपल्या परिसरातील हॉटेल, खाणावळ आणि भज्यांचे दुकान.

हा विषय स्मरणिकेच्या पानांस शोभत नाही असे कोणास वाटेल. परंतु ज्ञातीची भिंत पूर्वी दोन व्यवहारांवर उभी होती : एक रोटीव्यवहार, दुसरा बेटीव्यवहार. यांपैकी बेटीव्यवहाराची चर्चा आपल्या सभांतून अद्याप चालू आहे. रोटीव्यवहाराची बंधने मात्र बहुतांशी गळून पडली, आणि ती कोणत्या सभेत, कोणाच्या ठरावाने गळून पडली असे विचारल्यास आम्हांस उत्तर देता येणार नाही. ती स्टेशनाजवळच्या बाकड्यावर, बशीतला चहा फुंकून पिता पिता गळून पडली. ती कशी आणि कोणासाठी गळून पडली, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

शिदोरीचे दिवस

आगगाडी येण्यापूर्वी प्रवासास निघणारा गृहस्थ आपले अन्न आपल्याबरोबर नेत असे. दशम्या, चटणी, गूळ आणि पाण्याचा तांब्या एवढे बांधून घेतले की दोन दिवसांची सोय झाली. मुक्काम पडला तर स्वज्ञातीच्या घरी, नाही तर धर्मशाळेत तीन दगडांची चूल मांडून. विकतचे शिजवलेले अन्न खाणे हे गरजेपेक्षा अधोगतीचे लक्षण मानले जाई. त्यातही भेद होता. कोरडा, तळलेला किंवा दुधातुपातला पदार्थ अनेकांस चाले. पाण्यात शिजवलेला भात आणि वरण परक्या हातचे चालत नसे. म्हणूनच फराळाच्या दुकानात जाण्यास जितका विरोध झाला, त्याहून अधिक विरोध खाणावळीतील पानावर बसण्यास झाला.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही आगगाडी धावली. १ मे १८५४ रोजी ती कल्याणपर्यंत आली. पुढे बोरघाटातून पुण्याकडे आणि थळघाटातून नाशिककडे असे दोन लोहमार्ग झाले व कल्याण हे त्यांच्या फाट्यावरचे जंक्शन बनले. गाडीच्या डब्यात कोण कोणाशेजारी बसले हे पाहण्याची सोय राहिली नाही. तरीही पाण्याचा प्रश्न राहिलाच. इंग्रजी अमदानीत देशभर स्थानकांवर 'हिंदू पाणी' आणि 'मुसलमान पाणी' असे पुकारे होत असत. एका इंजिनाने ओढलेल्या माणसांची तहान मात्र वेगवेगळी मानली जाई.

चहाचे ग्रामण्य

त्या काळी खाण्यापिण्याची किती धास्ती होती, हे पुण्याच्या एका प्रसंगावरून ध्यानी येते. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये शहरातील प्रतिष्ठित गृहस्थांस बोलावण्यात आले व त्यांच्यापुढे चहा आणि बिस्किटे ठेवण्यात आली. काहींनी ती घेतली, काहींनी नुसता मान राखला. पुढे गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे वृत्तपत्रातून प्रसिद्ध करविली आणि मोठे ग्रामण्य माजले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. त्या नावांत न्यायमूर्ती रानडे होते आणि लोकमान्य टिळकही होते. एका पेला चहापायी या दोघांनाही प्रायश्चित्ताच्या प्रश्नास तोंड द्यावे लागले. मग सामान्य माणसाची काय कथा?

पाटीवरचा शब्द

परंतु पोटाची निकड शास्त्रार्थाहून बलवान असते. गिरणीत, कचेरीत, रेल्वेत नोकरीस आलेला एकटा पुरुष रोज स्वतःची चूल कशी पेटविणार? त्याच्यासाठी खाणावळी निघाल्या. गिरणगावात तर घरोघरच्या बायांनी पाच-दहा कामगारांचे डबे आणि ताटे चालवून मुंबईस जेवू घातले. या खाणावळवाल्या भगिनींस सावकाराच्या पाशातून सोडविण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापिले, ही गोष्ट आपल्या महिला शाखेने अवश्य अभ्यासावी अशी आहे.

आरंभीच्या उपाहारगृहांच्या पाट्यांवर 'ब्राह्मण' हा शब्द ठळक अक्षरांत असे. यात धर्माइतकाच हिशेबही होता. ब्राह्मणाच्या हातचे बहुतेकांस चालते, म्हणून आचारी ब्राह्मण ठेवला की गिऱ्हाईक वाढते. म्हणजे ज्या नियमाने लोकांस एकत्र जेवण्याची बंदी केली, त्याच नियमाच्या आधाराने एकाच छपराखाली अनेक जातींचे गिऱ्हाईक जमू लागले. पुढे उडुपीकडील मंडळी आली. माटुंग्यास ए. रामा नायक यांची खाणावळ १९४२ साली निघाली. इराण्यांनी नाक्यानाक्यावर चहा आणि ब्रून मस्का यांची दुकाने थाटली. इराण्याच्या टेबलावर बसताना शेजाऱ्याची जात विचारण्याची रीत नव्हती.

कोल्हापूरचे एक हॉटेल

येथे आपल्या तालुक्याबाहेर थोडे डोकावणे भाग आहे. कारण 'अनेक जाती' असे आपण म्हणतो, तेव्हा त्यांत कोण धरले जात नव्हते, हे तेथे स्पष्ट दिसते. कोल्हापुरात अस्पृश्य गणल्या गेलेल्या समाजातील गंगाराम कांबळे नावाचे गृहस्थ संस्थानच्या चाकरीत होते. पाण्याला शिवल्याच्या आरोपावरून त्यांस मारहाण झाली. राजर्षी शाहू महाराजांनी त्यांस नोकरीच्या बंधनातून सोडवून चहाचे हॉटेल काढावयास साहाय्य केले. त्यांच्या हातचा चहा कोण पिणार? महाराज स्वतः तेथे थांबून चहा घेऊ लागले आणि बरोबरच्या मंडळींसही घ्यावयास लावू लागले. छत्रपतींनी घेतलेल्या चहास नाही कोण म्हणेल! महाराज १९२२ साली निवर्तले. पुढे रत्नागिरीसही १९३३ साली सर्व हिंदूंसाठी खुले असे उपाहारगृह सावरकरांच्या प्रेरणेने निघाले. या दोन्ही ठिकाणी हॉटेल हे सुधारणेचे हत्यार म्हणून बुद्धिपुरस्सर वापरले गेले. आपल्याकडे तसे कोणी केले नाही. आपल्याकडे ते आपोआप झाले, आणि आपोआप होणारी गोष्ट अर्धीच होते, हे आम्हांस पुढे उमगले.

विठ्ठलवाडीचे बाकडे

आमचे बालपण विठ्ठलवाडी स्थानकाच्या परिसरात गेले. कल्याणच्या पुढचे, कर्जतच्या वाटेवरचे हे पहिले स्थानक. वडील रेल्वेत कारकून. साधारण १९५८-५९ सालची गोष्ट असेल. स्थानकाबाहेर कौलारू छपराचे एक हॉटेल होते. पुढे कढई, मागे फडताळात शेव-चिवडा, आणि मध्ये चार लांब बाकडी. पगाराच्या दिवशी वडील आम्हांस तेथे नेत. कांदाभजी आणि बशीभर चहा. निघताना म्हणत, "आजीला सांगू नकोस हो." आजीस मात्र वासावरून कळे. ती काही बोलत नसे. फक्त हातपाय धुऊन, सदरा बदलून मगच स्वयंपाकघरात येऊ देई. आमच्या घरातील सुधारणेचा इतिहास एवढाच होता : वडिलांनी नियम मोडला आणि आजीने तो मोडल्याचे न पाहिल्यासारखे केले.

परंतु त्या हॉटेलाच्या बाहेर, दाराच्या चौकटीवर, एका खिळ्यास कान तुटलेला एक कप टांगलेला असे. रस्ता झाडणारे एक गृहस्थ सकाळी येत, तो कप स्वतः काढीत, स्वतः विसळीत, आणि पोऱ्या वरून त्यात चहा ओती. पैसे ते फळीवर ठेवीत. चहा पिऊन, कप धुऊन पुन्हा खिळ्यास लावून जात.

२६ जानेवारी १९५० पासून राज्यघटना अमलात होती. तिच्या पंधराव्या अनुच्छेदाने दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांत जातीवरून मज्जाव करणे निषिद्ध ठरविले होते आणि सतराव्याने अस्पृश्यताच नष्ट केली होती. १९५५ चा अस्पृश्यता गुन्हे कायदा तर हॉटेलातील भांडी वापरू न देणे हासुद्धा गुन्हा मानीत होता. दिल्लीत कोणी तरी विचारपूर्वक 'भांडी' हा शब्द घातला होता, आणि आमच्या स्थानकाबाहेर तो कप खिळ्यास लोंबत होता. आम्ही तो पाहिला. वडिलांनी पाहिला. बाकड्यांवर बसलेल्या सर्वांनी पाहिला. त्याविषयी एक शब्द कोणी काढल्याचे आम्हांस स्मरत नाही. ज्या वडिलांनी स्वतःपुरते सोवळे झुगारले त्यांनीही नाही.

एके दिवशी ते गृहस्थ आले, कपाकडे गेले नाहीत, सरळ आत येऊन बाकड्याच्या टोकास बसले. गल्ल्यावरील मालकाने चहूकडे पाहिले. कोणी उठून गेले नाही. कोणी "या, बसा" असेही म्हटले नाही. पोऱ्याने नेहमीच्या कपबशीत चहा आणून ठेवला. दुसऱ्या दिवशी खिळा रिकामा होता. त्या सकाळी जे घडले त्याचे श्रेय घेण्याचा अधिकार बाकड्यावर आधीपासून बसलेल्या आम्हां कोणासच नाही.

ज्या विठ्ठलाचे नाव या ठिकाणास आहे, त्याच्या पंढरपुरातील मंदिराचे दार सर्वांस उघडावे म्हणून साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये दहा दिवस उपोषण केले होते, हे आम्हांस शाळेत शिकविले गेले होते. खिळ्यावरील कपाचा आणि त्या धड्याचा संबंध मात्र कोणी जोडून दाखविला नाही.

नवे शेजारी, नवे पदार्थ

याच सुमारास आमच्या जिभेस दुसरी एक ओळख झाली. महायुद्धकाळात कल्याणजवळ लष्करी छावणी होती. फाळणीनंतर तेथे सिंधी निर्वासितांस आश्रय मिळाला आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वसाहतीस 'उल्हासनगर' हे नाव मिळाले. घरदार सोडून आलेल्या त्या कुटुंबांनी बराकींतून संसार मांडले आणि हातगाड्या लावल्या. दाल-पकवान, कोकी, सिंधी कढी हे शब्द आम्ही प्रथम तेथेच ऐकले. खुसखुशीत पकवानावर चण्याची डाळ, वर चिंचेची चटणी आणि कांदा, असा तो सकाळचा नाश्ता. ज्यांचे सर्वस्व गेले त्यांच्या हातचे खाताना कोणी कोणाची जात विचारली नाही. एकमेकांची भाषाही येत नव्हती, तेथे गोत्र कोण विचारणार?

ठाण्यास मामलेदार कचेरीजवळची मिसळ १९४६ पासून प्रसिद्ध आहे. मुर्डेश्वर घराण्याने चालविलेले ते स्थान. कचेरीच्या आसऱ्याने वाढलेल्या अशा ठिकाणी उताऱ्यासाठी आलेला शेतकरी, वकील, कारकून आणि शिपाई हे सारे त्याच रश्श्याने नाक पुसतात. कल्याणात वझे कुटुंबाने १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस आपल्या घराच्या रस्त्याकडील खिडकीतून वडे देण्यास आरंभ केला, म्हणून तो 'खिडकी वडा'. याच सुमारास, १९६६ साली, दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांनी पावात वडा घालून विकण्यास आरंभ केला असे सामान्यतः मानले जाते. या पदार्थाने तर ताट, पान आणि पंगत या तिन्हींची गरजच संपविली. हातात कागद, कागदात पाव, आणि गाडी पकडण्याची घाई! उभ्याने खाणाऱ्या माणसास पंक्तिभेद करावयास जागाच उरली नाही.

एक सूचना

येथवरचा इतिहास वाचून आपण सारे पुढे आलो, असे समाधान मानण्याचा मोह होतो. आम्हांसही झाला होता. परंतु आपल्याच संघाच्या गतवर्षीच्या वार्षिक संमेलनातील भोजनप्रसंगी एक दृश्य दिसले, ते येथे नमूद करणे आम्ही कर्तव्य समजतो. सभागृहात आपल्या कुटुंबांच्या तीन पंगती उठल्या. मांडव घालणारे, भांडी घासणारे आणि सभागृहाची सफाई करणारे स्त्री-पुरुष मागील दारी, जिन्याखाली, कागदी बशा घेऊन बसले होते. त्यांस कोणी मज्जाव केला नव्हता. त्यांस कोणी बोलावलेही नव्हते. आम्हांस तो खिळा आठवला.

कायद्याने जे करता येते ते १९५० आणि १९५५ साली झाले. हॉटेलाच्या बाकड्याने जे आपोआप होण्याजोगे होते तेही झाले. उरलेले, म्हणजे "या, बसा" हे दोन शब्द म्हणणे, हे आपणांपैकी प्रत्येकाच्या तोंडचे काम आहे. म्हणून आमची कार्यकारी मंडळास नम्र सूचना आहे की, येत्या संमेलनात पहिल्या पंगतीस या मंडळींची पाने मांडावीत, आणि अध्यक्षांनी व ज्येष्ठांनी त्यांच्याच पंगतीस बसावे. वाढण्याचे काम आपल्या तरुणांनी करावे. यास निराळा खर्च नाही. फक्त पाने पुढे सरकवावी लागतील.

ज्या ज्ञातिबांधवांच्या घरी हॉटेल, खाणावळ अथवा फराळाचे दुकान होते, त्यांनी आपल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी लिहून संघाकडे पाठवाव्यात, अशीही विनंती आहे. त्यात चांगले तेवढेच नव्हे, तर दाराबाहेर काय टांगलेले असे, तेही प्रांजळपणे लिहावे. पुढील पिढीस आपला खरा इतिहास त्यातूनच कळेल.